पन्नास हजारांचा गेमिंग पीसी पंचाहत्तरला कसा पडतो

पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसतो का? बसतो. पण दुकानदार, यूट्यूबवरचे तज्ज्ञ आणि घरातले चिरंजीव ज्या पन्नास हजारांबद्दल बोलत असतात, त्यात स्क्रीन नसते, कीबोर्ड-माउस नसतो, यूपीएस नसतो आणि विंडोजचा परवाना तर नसतोच. ते पन्नास हजार फक्त टेबलाखालच्या डब्याचे. त्यामुळे घरात बजेट ठरवताना ‘सगळं लागून, चालू होऊन किती?’ हा एकच आकडा बोला आणि त्यातले पंधरा-सोळा हजार डब्याबाहेरच्या वस्तूंसाठी आधीच बाजूला काढा. बारावीचा निकाल लागला की ‘कोडिंगसाठी हवाय’ म्हणून जो पीसी मागितला जातो, त्यालाही हाच नियम. कोडिंगला ग्राफिक कार्ड लागत नाही हे पोरालाही ठाऊक असतं आणि बापालाही. तो वाद घालण्यात अर्थ नाही. घ्यायचाच आहे तर नीट घ्या.

नीट घ्यायचा म्हणजे उलट्या बाजूने सुरुवात करायची. बहुतेक लोक प्रोसेसरपासून निघतात. आधी गेम ठरवा, मग स्क्रीन, मग कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बाकीचं.

गेम ठरवणं का महत्त्वाचं, ते दोन उदाहरणांत कळेल. व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमनी खेळायला त्याच्या निर्मात्यांनी सांगितलेलं कार्ड आहे जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ चं. याउलट सायबरपंक २०७७ ला १०८० पिक्सेलच्या स्क्रीनसाठी शिफारस आहे आरटीएक्स २०६० सुपरची, सोबत १६ जीबी रॅम आणि ७० जीबीची एसएसडी. पहिल्या गेमसाठी दुसऱ्याचं कार्ड घेतलं तर दहा-बारा हजार उगाच गेले. पहिल्याचं कार्ड घेऊन दुसरा गेम लावला तर चित्र अडखळत सरकतं आणि सगळाच खर्च वाया जातो. बीजीएमआयसाठी पीसी मागणाऱ्याला सांगा की तो गेम फोनचा आहे. पीसीवर एम्युलेटरने खेळायला कंपनीची परवानगी नाही. पीसीवरचा पबजी वेगळा, तो २०२२ पासून फुकट आहे आणि त्याला बऱ्यापैकी कार्ड लागतं. जीटीए ६ च्या नावाने घाई करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: त्या गेमची जाहीर झालेली आवृत्ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजची आहे, पीसीची नाही. जो गेम पीसीवर कधी येईल हे ठरलेलं नाही, त्याच्यासाठी आज महाग कार्ड घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. या बजेटमध्ये २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल, १४४ हर्ट्झ किंवा वर. साडेआठ-नऊ हजारांत चांगला मॉनिटर मिळतो. २७ इंची २के स्क्रीनचा मोह टाळा. तिच्यावर जवळपास पावणेदोन पट पिक्सेल रंगवावे लागतात आणि तो भार कार्डावर पडतो. घरचा जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर धड असेल तर सुरुवातीला तोच लावा आणि ते पैसे कार्डात घाला. मॉनिटर सहा महिन्यांनी बदलता येतो. कार्ड बदलताना जुनं निम्म्या किमतीतही जात नाही.

कार्ड: इथेच पैसे घाला, इथेच फसवणूकही होते

डब्याच्या एकूण किमतीपैकी पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम ग्राफिक कार्डात जायला हवी. पन्नास-साठ हजारांच्या डब्यात म्हणजे साडेसतरा ते चोवीस हजार. याहून कमी रक्कम कार्डाला आली असेल तर त्या कोटेशनमध्ये कुठेतरी दिवे, काच किंवा नावाजलेला प्रोसेसर बसलेला असतो.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ‘चार जीबीचं ग्राफिक कार्ड’. हे चार जीबी नुसत्या मेमरीचे. गेम चालवतो कार्डावरचा चिप, आणि तो कुठला आहे हे कोणी सांगत नाही. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आजही चार-पाच हजारांत ‘गेमिंग’ म्हणून विकलं जातं. आजच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये अंगभूत मिळणारं ग्राफिक त्याच्या पुढे जातं. ऑनलाइन ‘गेमिंग पीसी, आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक, फक्त १९,९९९’ अशी जाहिरात दिसली तर आत बहुधा हेच कार्ड असतं.

दुसरी फसवणूक नावातली आहे आणि ती कंपन्यांनीच करून ठेवली आहे. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन कार्डं बाजारात आहेत. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटचा मेमरी-मार्ग. ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिटचा. फरक नुसत्या दोन जीबीचा नाही, सहावालं सरळसरळ संथ आहे. त्याचा एकच गुण: ७० वॉटमध्ये भागतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिसच्या मशीनमध्ये बसवायला बरं. नव्या पीसीत ते घेऊ नका. तसंच आरएक्स ५८० ‘२०४८ एसपी’. मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ कोअर होते; २०४८ हा आकडा त्याच्या धाकट्या भावंडाचा, आरएक्स ५७० चा. म्हणजे नाव थोरल्याचं आणि पोट धाकट्याचं. त्यातली बरीच कार्डं खाणकामातून, म्हणजे क्रिप्टो-मायनिंगमधून पिळून निघालेली आहेत.

मग घ्यायचं काय? वीस हजारांच्या आसपास आरएक्स ६६०० हे बरीच वर्षं फुल एचडीचं सुरक्षित उत्तर होतं. ८ जीबी, १३२ वॉट, गाजावाजा नाही. २०२१ चं कार्ड आहे, वय दिसायला लागलंय. चांगल्या भावात मिळालं तर अजूनही घ्यावं, पण आरटीएक्स ५०५० आणि त्याच्यात दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर ५०५० घ्या. तेही ८ जीबीचं, १३० वॉटचं, पण २०२५ चं. जड गेममध्ये कमी पिक्सेलचं चित्र यंत्राकडून मोठं करून घेण्याची सोय त्यात कितीतरी चांगली आहे. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर सगळ्यात उदार: १२ जीबी. पण त्याला ‘रिसायझेबल बार’ ही मदरबोर्डवरची सोय लागते आणि जुन्या किंवा साध्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. स्वस्त प्रोसेसरची जोडी असेल तर मी ते सुचवणार नाही. तीस हजारांपर्यंत हात पोचत असेल तर आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी. चार जीबीचं कुठलंही नवं कार्ड आज घेऊ नये; आरएक्स ६५०० एक्सटी तर मुळीच नाही.

प्रोसेसरचा हिशेब सोपा ठेवा: कार्डाच्या किमतीच्या निम्म्यात. रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे, दोन्ही २०२२ चे आणि दोन्ही दहा हजारांच्या आगेमागे. सोबत पंखा येतो, वेगळा कूलर घेऊ नका. आणखी तंगी असेल तर रायझन ५ ५५०० चालेल; त्यात कॅश निम्मी, १६ एमबी, आणि कार्डाशी बोलण्याचा मार्ग जुन्या पिढीचा, हे माहीत असू द्या.

‘आय७ आहे’ या शब्दांनी मात्र भुलू नका. कितव्या पिढीचा, हा खरा प्रश्न. आय७-२६०० हा २०११ चा प्रोसेसर आहे. चार कोअर, डीडीआर३ रॅम, एच६१ बोर्ड. नव्या खोक्यात भरून तो अजून विकला जातो. २०२२ चा साधा आय३-१२१००एफ त्याला सहज मागे टाकतो. वेगाइतकीच दुसरी अडचण म्हणजे विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात. असा पीसी घेणारा पहिल्याच आठवड्यात या तिहेरी कुलपापाशी अडकतो.

इंटेलच्या नावामागच्या ‘एफ’चा अर्थ अंगभूत ग्राफिक नाही. दीड-दोन हजार वाचतात, सगळे तेच सुचवतात. पण कार्ड वॉरंटीत गेलं की ते परत यायला आपल्याकडे काही आठवडे सहज लागतात आणि तेवढे दिवस स्क्रीन काळी. कॉलेजचं कामही याच मशीनवर होणार असेल तर ‘एफ’ नसलेला १२४०० घ्या. रायझन ५ ५६०० मध्ये हा पर्यायच नाही. ५६००जी मध्ये आहे, पण त्याची कॅश पुन्हा १६ एमबी.

एएमडीच्या प्रोसेसरचं सॉकेट जुनं एएम४ की नवं एएम५, हा वाद पुष्कळ रंगतो. एएम४ वर प्रोसेसरची नवी पिढी येणार नाही. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देऊ, असं एएमडीने सांगितलं आहे. एरवी मी एएम५ च सुचवलं असतं. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि रॅमचं सध्या काय झालंय ते पाहा.

रॅमचा भाव विचारून मगच बोला

२०२५ च्या मध्यापर्यंत १६ जीबी डीडीआर४ तीन हजारांच्या आसपास मिळायची आणि कोणी तिच्याबद्दल दोन वाक्यंही बोलत नसे. मग एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी जास्त नफ्याच्या मालाकडे कारखाने वळवले आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याचा माल आटला. वर्ष संपेपर्यंत भाव दुपटीच्या वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा आपला घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीचे भावही याच कारणाने चढले.

त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओतली यादी घेऊन दुकानात गेलात तर रॅमपाशी सगळं गणित कोसळतं. घरात जुन्या पीसीची डीडीआर४ रॅम पडली असेल तर ती सोन्यासारखी जपा; नवा डीडीआर४ बोर्ड घेण्याला तेवढं कारण पुरेसं आहे. नवी घेणार असाल तर ८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० च्या वेगाच्या. एकच १६ ची स्टिक लावली तर मेमरीचा एकच मार्ग वापरला जातो आणि गेममध्ये ते जाणवतं. अंगभूत ग्राफिकवर खेळणार असाल तर फारच. ३२ जीबीची हौस आज परवडणारी नाही. जुनी रॅम घ्यायला हरकत नाही, पीसीच्या भागांत ती फार कमी झिजणारी. फक्त दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी लावून, मेमरी टेस्ट चालवून घ्या.

आता ज्या वस्तूकडे कोणी पाहत नाही ती. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस त्याच्या स्टिकरवरच ४५० वॉटचा असतो. भार वाढला की व्होल्टेज हलतं, गेम ऐन रंगात असताना पीसी बंद पडतो आणि दोष कार्डाला जातो. नशीब वाईट असेल तर जाताना बोर्डालाही घेऊन जातो. वर सांगितलेल्या कार्डांना ५५० वॉट पुरेसे आहेत. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ, पाच वर्षांची वॉरंटी असलेला, साधारण चार हजार. इथे हजार वाचवणारा माणूस बावीस हजारांचं कार्ड पणाला लावतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हो, घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणं ही ‘थोडी फार येतेच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही.

यूपीएसही याच कुळातला. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना मॉनिटरसकट असा पीसी तीनशेच्या आसपास खातो, म्हणजे काठावर. १००० व्हीए घ्या, पाच-सहा हजार. महावितरणच्या भागात राहणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. विजेचा खर्चही इथेच मांडतो: ३०० वॉट, रोज चार तास, महिन्याला ३६ युनिट. युनिट दहा रुपये धरलं तर ३६० रुपये. बापाची खरी काळजी चार तासांची असते, ३६० रुपयांची नाही.

एसएसडी एनव्हीएमई, जमलं तर १ टीबी. जीटीए ५ ची नवी आवृत्तीच शंभर जीबीहून जास्त जागा घेते. कॅबिनेटला समोर जाळी हवी. समोर अखंड काच आणि आत सात रंगांचे पंखे, म्हणजे गरम हवा कोंडून ठेवायची पेटी. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात तिचे परिणाम लगेच कळतील. तीन हजारांवर खर्च नको.

हिशेब जोडू. प्रोसेसर १०,०००, बी५५० मदरबोर्ड ८,०००, कार्ड २२,०००, एसएमपीएस ४,०००, कॅबिनेट ३,०००. झाले ४७,०००. यात रॅम आणि एसएसडी त्या दिवशीच्या भावाने: जुन्या भावाने सहा हजारांत दोन्ही यायची, आता बारा-तेरा धरा, कदाचित जास्त. डबा साठ हजारांचा झाला. मॉनिटर ८,५००, यूपीएस ५,०००, कीबोर्ड-माउस-हेडफोन २,५००. एकूण शहात्तर हजार. विंडोजचा अधिकृत परवाना दहा हजारांच्या घरात जातो, तो यात नाही. परवान्याशिवाय विंडोज कोपऱ्यात आठवण करून देत चालत राहतं, पण दुकानदाराने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं ‘क्रॅक’ विंडोज ज्या मशीनवर असेल तिथून बँकेचे व्यवहार करू नका.

हे झेपत नसेल तर कार्डाशिवायचा रस्ता आहे. रायझन ५ ५६००जी, दोन स्टिक रॅम, चांगला एसएमपीएस, आणि कार्ड वर्षभराने. व्हॅलोरंट, सीएस२, जीटीए ५ कमी सेटिंगवर खेळता येतात. कार्डासाठी पैसे साठवता येतात. ‘आता हलकं कार्ड, मग बदलू’ असं करून मात्र दोनदा खर्च होतो. मुलगा हॉस्टेलला जाणार असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि गेमिंग लॅपटॉप घ्या. त्याच पैशांत थोडा कमी वेग मिळेल, पण दर सुट्टीला शिवशाहीतून मॉनिटर न्यावा लागणार नाही.

जुनं कार्ड घ्यायचं असेल तर सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झालं तेव्हा बाजारात ओतलेली कार्डं डोळ्यांपुढे ठेवा. मूळ बिल आणि सिरीयल नंबर जुळला, वॉरंटी कंपनीच्या संकेतस्थळावर दिसली आणि तुमच्यासमोर अर्धा तास जड गेम चालला, तरच पैसे द्या. यातली एक गोष्टही नसेल तर नव्याच्या निम्म्याहून अधिक देऊ नका.

खरेदी कुठे करायची? मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनहून चालत. तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि प्रत्येक ओळीत पूर्ण मॉडेल लिहून मागा. ‘१६ जीबी रॅम, ५५० वॉट एसएमपीएस’ हे कोटेशन होत नाही; कुठल्याही कंपनीचा माल त्यात बसतो. खोक्यावरच्या एमआरपीतून किती टक्के सूट, ते ऐकू नका. एमआरपी मुळातच फुगवलेली असते. ऑनलाइनचा भाव दाखवला की बरेच दुकानदार जवळ येतात. लातूर-सोलापूरकडून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी खोकं उघडताना अखंड व्हिडिओ काढावा. जोडलेला पीसी गाडीने गावी न्यायचा असेल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात न्या. खड्ड्यांत ते बोर्डाचा स्लॉट मोडतं.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना ते पाहा, बोर्डाला नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून १४४ करा, तो बऱ्याचदा आपोआप होत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर धावते. बरेच दुकानदार हे करून देत नाहीत आणि बरेच ग्राहक वर्षभर तसंच खेळतात.

शेवटचं बिलाचं. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हे वाक्य ऐकू येईलच. या सुट्या भागांवर जीएसटी खरोखरच अठरा टक्के आहे, आणि तो वाचवताना तुम्ही कार्डाची तीन वर्षांची आणि एसएमपीएसची पाच वर्षांची वॉरंटी दुकानदाराला परत देता. प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर छापलेलं जीएसटी बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, सगळी रिकामी खोकी माळ्यावर ठेवा, आणि दुकानदार वॉरंटी नाकारायला लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.